नावं चालू आहेत तोवर

परवा दुपारी मानवत रोड स्टेशनावर पॅसेंजरची वाट बघत बसलो होतो. ज्या स्टेशनाच्या नावात 'रोड' असतो तिथं गाव नसतं, हे आपल्याकडं लहान पोरालाही ठाऊक असतं. ऊन मी म्हणत होतं. तेवढ्यात उलट्या बाजूची गाडी आली, थांबली आणि तिच्यातून एकच माणूस उतरला. कडक इस्त्रीची पँट, हातात ब्रीफकेस. लिंबाखाली एक टोपीवाला म्हातारा केव्हाचा उभा होता. तो पुढं झाला, नमस्कार घातला, ब्रीफकेस आपल्या हातात घेतली आणि दोघं बाहेर लावलेल्या मोटारसायकलीकडं निघाले. गाडी सुटली. माझ्या डोक्यात गिटार वाजायला लागली.

कोणती, ते सांगायला नको. १९७५ सालापासून ती या देशात कुठल्याही ओसाड स्टेशनावर वाजू शकते.

'शोले'च्या त्या सुरुवातीत तसं घडतं काय? जेलर गाडीतून उतरतो, रामलाल त्याला घोड्यावरून ठाकूरच्या हवेलीत नेतो. संपलं. पण नावं संपेपर्यंत रामगढची वाट आपल्या पायाखालची होऊन जाते. खडक, झुडपं, उघडा माळ, मग गाव आणि गावात आपापल्या कामात असलेली माणसं. ते खडक बंगळुरूजवळच्या रामनगरचे आहेत, हे पुढं कळलं, पण तोवर ते आपल्या बालाघाटातलेच वाटायचे. पुढं तीन तास जे काही होणार आहे त्याची जागा कुणी न सांगता दाखवून झालेली असते. आणि हवेलीत ठाकूर समोर येतो तेव्हा त्याच्या अंगावर शाल असते. पहिल्या वेळी शालीकडं कोण बघतं? मोठी माणसं घेतातच शाल. दुसऱ्यांदा सिनेमा बघताना मात्र नजर तिथून हलत नाही.

आमच्या मामाला ही सुरुवात नावाची भानगडच मान्य नव्हती. त्याच्या मते सिनेमा नावं संपल्यावर लागतो. माळेगावच्या जत्रेत मार्गशीर्षातल्या थंडीत टूरिंग टॉकीजचे तंबू लागायचे. मामा खरं तर जनावरांच्या बाजारात घोडे बघायला आलेला असायचा. घ्यायचा कधीच नाही, नुसते दात बघायचा. सिनेमाची तिकिटं खिशात असायची आणि तरी हा तंबूच्या दारात चहाची बशी तोंडाला लावून उभा.

"मामा, सुरू झालं!"

"आजूक नावंच चालू हायेत. घाई काहून करायलास?"

आत वाद्यं घुमायची, बाहेर जनरेटर धडधडायचा आणि मधे एक कनात. चित्र न बघता नुसत्या आवाजावरून सिनेमा ओळखायची सवय मला तिथं लागली. तुताऱ्या वाजल्या की तलवारी येणार. ढोलकी कडाडली की पाटील बिघडणार. व्हायोलिनांनी एकदम गळा काढला की आत बसलेल्या बायका आताच पदर चाचपत असतील. फारसं चुकायचं नाही. अजूनही एखाद्या सिनेमाचं पहिलं मिनिट मी डोळे मिटून ऐकतो. बायकोला वाटतं, झोपलो.

आबा सोबत असले की गोष्ट वेगळी. ते तंबूत सगळ्यांच्या आधी जाऊन, पोतं अंथरून, ताठ बसायचे. आबांचं शिक्षण निजामाच्या राजवटीतलं, म्हणजे हिशेबापासून भूगोलापर्यंत सगळं उर्दूत. १९४८च्या सप्टेंबरात राजवट गेली, कचेरीत मराठी आली आणि आबांची उर्दू पेटीतल्या जुन्या कागदांपुरती उरली. तिला बाहेरची हवा लागायची ती फक्त सिनेमात. जुन्या हिंदी सिनेमाचं नाव पडद्यावर तीन लिप्यांत यायचं. इंग्रजी आम्हाला पाचवीपासून, म्हणून ती ओळ थोरल्या भावाची. देवनागरी माझी. उर्दू अक्षरं दिसली की आबा घसा साफ करायचे, हवेत उजवीकडून डावीकडं बोट फिरवायचे आणि अर्ध्या तंबूला ऐकू जाईल असं वाचायचे. नाव तेच, नुकतंच आम्ही दोघांनी ओरडून वाचलेलं. तरीही पुढची माणसं मान वळवून बघायची. गिरणीतला दिवाणजी एकदा म्हणाला, "लै शिकलेले हायेत वो तुमचे आबा." त्या रात्री पुढचा सिनेमा काय होता ते आठवत नाही.

आजीला अक्षरओळख नव्हती. तिचं लक्ष थेट माणसांवर. 'मदर इंडिया'च्या सुरुवातीला म्हातारी राधा शेतात बसून मातीचं ढेकूळ तोंडाजवळ धरते, मागं ट्रॅक्टर, यंत्रं, धरणाचं काम. मग गावकरी येतात आणि कालव्याचं उद्घाटन तुझ्याच हातून व्हायचं म्हणून तिला गळ घालतात. सिनेमा १९५७चा, आमच्या तंबूत पोचला तेव्हा जायकवाडीचं पाणी आमच्या भागातही चर्चेत होतं. आजी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "मंतरी आला न्हाई व्हय?" सगळा तंबू हसला. मला वाटतं, त्या सिनेमावर एवढी नेमकी टीका कुणी छापलेली नसेल.

आता भाची मोबाईलवर मालिका बघते. सुरुवातीचं संगीत लागलं की कोपऱ्यात 'स्किप इंट्रो'ची चौकट उगवते, आणि तिचा अंगठा चौकटीच्या आधी तिथं हजर असतो. "मामा, नावंच तर असतात," ती म्हणते. घराण्याचाच वारसा आहे, बोलायला तोंड नाही. थिएटरात मात्र मी कुणाचं ऐकून घेत नाही. नावं पडत असताना मोबाईलची बॅटरी पाजळत, पॉपकॉर्न सांडत, "एफ सात कुठंय" विचारत येणाऱ्यांना मी पाय आवरून वाट देत नाही. द्यावी लागते, पण सावकाश.

त्यातल्या त्यात नागराज मंजुळेंच्या सिनेमाला उशिरा जाणारा माणूस मला समजतच नाही. 'फँड्री' सुरू होतो तो जब्या काळ्या चिमणीच्या मागं रानात फिरतोय तिथून, हातात गलोल. पोराला काय हवंय आणि ते त्याच्या हाताला लागणं किती अवघड आहे, हे कुणी न बोलता कळतं. 'सैराट'मध्ये बिटरगावचे क्रिकेटचे सामने, कर्ण्यावरची ती कॉमेंट्री आणि मांडवात पुढारी. सिनेमा करमाळ्याकडचा, आणि करमाळा म्हणजे आमच्या परांड्याच्या शेजारचा तालुका, त्यामुळं कॉमेंट्री सुरू झाली तेव्हा माझ्या रांगेतला एक जण ओरडला, "आपलंच गाव हे!" कोण खेळणार, कोण नुसतं बघणार आणि कोण मांडवात बसणार, ही वाटणी तिथंच झालेली असते. पुढचं सगळं त्या वाटणीमुळं होतं.

आणि मराठवाड्यावर म्हणून जे काढतात ते? भेगाळलेली जमीन. आता तर ड्रोन आलेत, त्यामुळं भेगा वरून. मग कपाळावर आडवा हात धरलेला म्हातारा, मग बासरी. दुष्काळ खोटा नाही. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी. ते आम्ही भोगलंय. पण पाऊस लांबला म्हणून कुणी भेगांकडं बघत बसत नाही हो. माणूस मोंढ्यात जातो, दुबार पेरणीचं बियाणं उधारीवर मिळतंय का बघतो, दुकानदाराच्या पोराच्या लग्नाची चौकशी करतो, मग हळूच विषय काढतो. हे कुणी दाखवत नाही. उलट पुरानं शेत खरवडून नेलं त्या साली एक जण कॅमेरा घेऊन आला होता, तोही भेगाच शोधत होता.

माझ्या सिनेमाची सुरुवात ठरलेली आहे. गंगाखेडचा स्टँड, सणाचा आदला दिवस. एसटी फलाटाला लागायच्या आत खिडक्यांतून रुमाल, टोप्या, पिशव्या आणि शेवटी एक लेकरू आत टाकलं जातं. कोण दांडगं, कोण नवखं, कुणाचं कुणाशी वाकडं, कोण उभ्यानं जाणार, सगळं बस निघायच्या आत. कंडक्टरनं घंटी दिली की नाव पडद्यावर.

"आणि गोष्ट काय?" भाचीनं विचारलं.

गोष्ट अजून सुचायची आहे. नाव तीन लिप्यांत द्यायचं एवढं नक्की. उर्दू आता आपल्यात कोण वाचणार, असं ती म्हणाली. बरोबर आहे तिचं. म्हणूनच ती ओळ जरा जास्त वेळ ठेवायची.