पेट्रोल पंपाचं वायरिंग: पावसाळ्याआधी मशीनचा तळ उघडून बघा

पंपावर सगळ्यांची नजर नोझलवर असते. वायरिंगचा धोका मात्र मशीनच्या तळाशी दडलेला असतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड, त्यामुळे ती संपमध्ये, म्हणजे मशीनखालच्या खड्ड्यात, आणि केबलच्या पाइपात उतरून बसते. हवेत तिचं प्रमाण साधारण १.४ ते ७.६ टक्के झालं की एक ठिणगी पुरते. म्हणून हा खड्डा झोन १, म्हणजे नेहमीच्या कामातही स्फोटक वाफ जमू शकते अशी जागा, धरायचा आणि तिथे केबल जोडायला फ्लेमप्रूफ जंक्शन बॉक्सच लावायचा. पेट्रोलसाठी गॅस ग्रुप टू-ए (कोणत्या वाफेसाठी उपकरण चालेल ते सांगणारा गट) आणि टी ३ (तापमानाचा वर्ग) हा किमान दर्जा. टी ३ म्हणजे उपकरणाच्या पृष्ठभागाचं तापमान २०० अंश सेल्सिअसपलीकडे जाता कामा नये.

फ्लेमप्रूफ बॉक्समध्ये वाफ शिरतच नाही, असं अनेक वायरमनही समजतात. ती शिरतेच. आत भडका उडाला तरी बॉक्स फुटत नाही, आणि झाकणाच्या बारीक फटीतून बाहेर येईपर्यंत ज्वाला विझलेली असते. सगळी मदार त्या फटीवर. एक बोल्ट गायब असला किंवा झाकणाच्या कडेवर गंज चढला, की तो नुसता लोखंडी डबा. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत गंज लवकर धरतो. पाणी शिरू नये म्हणून सिलिकॉन फासू नका, रबर कापून गॅस्केट बसवू नका, कडेवर रंगही नको. न सुकणाऱ्या योग्य ग्रीसचा पातळ हात पुरे.

केबल बॉक्समध्ये शिरते तिथे ती आवळून धरणारा ग्लँड डबल कॉम्प्रेशनचाच घ्या. त्यात आतली रिंग केबलच्या आतल्या आवरणावर बसते, आर्मरच्या, म्हणजे केबलवरच्या संरक्षक कवचाच्या, तारा शंकूच्या आकाराच्या कोनमध्ये आवळल्या जातात आणि बाहेरची रिंग बाहेरचं आवरण धरते. केबलचा व्यास व्हर्नियरने मोजूनच साइज ठरवा. सैल ग्लँडवर टेप गुंडाळून भागत नाही. बॉक्समध्ये किमान पाच पूर्ण आटे बसले पाहिजेत. रिकाम्या भोकाला लाकडी खुंटी नाही, प्रमाणित धातूचा प्लगच.

बॉक्स उघडण्याआधी फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा स्विच पाडून कुलूप लावा. इथे एक फसवी जागा आहे. टँकमध्ये बुडवलेला सबमर्सिबल पंप एकच आणि त्यावर चालणारी मशीन अनेक असतील, तर एका मशीनचा पुरवठा बंद करूनही दुसऱ्या मशीनकडून कंट्रोलच्या तारेतून व्होल्टेज उलटं येऊ शकतं. त्या टँकवरची सगळी मशीन आणि पंप बंद करा, मगच बॉक्सला हात लावा. मेगरिंग (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणं) करायचं तर आधी इलेक्ट्रॉनिक कार्ड सोडवा, नाहीतर ते जळेल. आणि खड्ड्यात वाफ नाही हे गॅस डिटेक्टरने बघितल्याशिवाय मेगर लावू नका.

संपमधून सेल्स रूमच्या पॅनलकडे जाणारा पाइप दोन्ही टोकांना सील केलेला हवा. मुसळधार पावसात खड्डा भरला की पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि उघड्या पाइपातून थेट पॅनलखाली पोचतं. तिथले कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारे विजेचे स्विच) साधे असतात, दर चालू-बंदला ठिणगी टाकणारे.