एका डॉलरातला उलटा रस्ता

परवा रात्री मी अमेरिकेतल्या गाड्या डाव्या बाजूने धावताना पाहिल्या. स्टिअरिंग उजवीकडे, अगदी आपल्यासारखं. सहा वर्षं इथे गाडी चालवून आता हात बसलाय, पण ते बघून घशाशी काहीतरी आलं. खोटं कशाला बोलू!

सिनेमा १९४५ चा, ‘डीटूर’. लायब्ररी जुना माल काढते त्या विक्रीत, खोक्याच्या तळाशी, एका डॉलरला सापडला. चित्र धो धो पावसातून बघितल्यासारखं, निम्मे संवाद गिळलेले. म्हटलं, डीव्हीडी काढणाऱ्याने रीळच उलटं लावलं असणार. मनसोक्त शिव्या घातल्या. नंतर कळलं, ती करामत दिग्दर्शक एडगर उल्मरचीच. नायक लिफ्ट मागत न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला निघालाय, म्हणजे नकाशात उजवीकडून डावीकडे. पडद्यावरही तो तसाच जायला हवा, म्हणून पठ्ठ्याने काही दृश्यांची निगेटिव्हच उलटी फिरवली!

असे सिनेमे इतके मातीमोल का? तेव्हाच्या कायद्याने कॉपीराइट २८ वर्षांचा. पुढे हवा तर अर्ज करा. केला नाहीत, तर सिनेमा सगळ्या गावाचा, कुणीही डीव्हीडी काढून विकावी. १९५० चा ‘डी.ओ.ए.’ असाच सुटला. १९६८ च्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ची तर कमालच. वितरकाने नाव बदललं आणि नव्या पाटीवर कॉपीराइटची ओळ टाकायचीच राहिली. झालं, हक्क गेला! आणि कागदपत्रांच्या घोळावरून नावं मात्र आपल्याला. आपल्याकडे सिनेमाला साठ वर्षं आपसूक मिळतात, ना अर्ज ना शिक्का. हे मी ऑफिसात दोनदा ऐकवलंय.

याच ‘डीटूर’ला या अमेरिकनांनी १९९२ मध्ये राष्ट्रीय फिल्म रजिस्ट्रीत, म्हणजे जपून ठेवायच्या सिनेमांच्या यादीत, मानाने बसवलं आणि २०१८ मध्ये ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या आर्काइव्हने त्याची लखलखीत प्रत तयार केली, हे ऑफिसात बोलायचं राहून गेलं. आपल्या जुन्या रिळांचं काय झालं, असं कुणी विचारलं असतं तर?

ती प्रत मी अजून घेतलेली नाही. बायकोच्या मते एक डॉलरही वायाच गेला, फुकट बघायला मिळतो की! मिळत असेल. काल तिला मुद्दाम शेजारी बसवलं. गाडी थांबली, नायक डाव्या दाराने आत शिरला. मी तिथेच थांबवून विजयी मुद्रेने तिच्याकडे पाहिलं.

“मग?” ती म्हणाली. “यात उलटं काय आहे?”