ब्लॅक बुक कोणत्या क्रमाने लिहावे

अंतिम वर्षाच्या प्रकल्प अहवालाला आमच्याकडे कोणी अहवाल म्हणत नाही. त्याचे नाव ब्लॅक बुक. काळे रेक्झिन, त्यावर सोनेरी अक्षरे आणि आत साठ-सत्तर पाने, ज्यांपैकी निम्मी सबमिशनच्या आधीच्या आठवड्यात जन्माला आलेली असतात. यांत्रिकी अभियांत्रिकी विभागात गाइड म्हणून मी ही बुके तपासते आणि दुसऱ्या महाविद्यालयांत एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरची परीक्षक, म्हणून गेल्यावर परक्या मुलांचीही वाचते. या दोन्ही खुर्च्यांवर बसून माझे एक मत पक्के झाले आहे, ते असे की बुक ज्या क्रमाने बांधले जाते त्या क्रमाने ते लिहायला घेऊ नये.

बांधणीचा क्रम सर्वांना पाठ असतो. मुखपृष्ठ, प्रमाणपत्र, आभार, सारांश, अनुक्रमणिका, आकृत्यांची आणि तक्त्यांची यादी. मग प्रस्तावना, लिटरेचर सर्व्हे (आधीच्या संशोधनाचा आढावा), समस्येची मांडणी, डिझाइन, निर्मिती, चाचण्या, निष्कर्ष, संदर्भ आणि परिशिष्टे. मुले पहिल्या पानापासून लिहू लागतात, प्रस्तावनेत थेट औद्योगिक क्रांतीपर्यंत मागे जातात, लिटरेचर सर्व्हे संपेपर्यंत पंचवीस पाने भरतात, आणि जिथे त्यांचे स्वतःचे काम सुरू होते तिथे पोहोचताना दमही संपलेला असतो आणि दिवसही. एक्स्टर्नलच्या वाट्याला मात्र एका गटासाठी जेमतेम वीस-पंचवीस मिनिटे येतात. तेवढ्या वेळात मी तरी सारांश वाचते, चाचण्यांचे प्रकरण उघडते आणि तिथला एखादा आकडा धरून मागे डिझाइनच्या प्रकरणात जाते. औद्योगिक क्रांती मी आजवर एकदाही वाचलेली नाही. म्हणून लिहिताना आधी चाचण्यांचे तक्ते घ्यावेत, मग डिझाइन, मग निर्मिती, त्यानंतर लिटरेचर सर्व्हे आणि प्रस्तावना, आणि सारांश सर्वांत शेवटी, कारण जे अजून लिहिलेच नाही त्याचा सारांश काढता येत नाही.

डिझाइनच्या प्रकरणाबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे चौघांचा एक गट भुईमुगाच्या शेंगा फोडण्याचे यंत्र करत होता. त्यांच्या पहिल्या मसुद्यात शाफ्टची, म्हणजे यंत्रातल्या फिरत्या दांड्याची, आकडेमोड दीड पान चालली होती आणि शेवटी व्यास बरोबर २० मिमी आला होता, दशांशसुद्धा नाही. इतके नेटके उत्तर पाहिले की मला शंका येते. विचारल्यावर कळले की शाफ्ट बाजारातून आधीच आणला होता आणि आकडेमोड त्या २० मिमीला गाठण्यासाठी उलटी केली होती. त्या नादात शिअर स्ट्रेसची (पिळामुळे धातूत येणाऱ्या ताणाची) मर्यादा कुठल्याच पोलादाला न शोभणारी झाली होती. मी त्यांना फळ्यावर सरळ करायला लावले. मोटर १ हॉर्सपॉवरची, म्हणजे ७४६ वॉट. फेरे मिनिटाला १४४०. पट्ट्याच्या पुलीमुळे ते चौपट कमी होऊन ३६०. तेव्हा शाफ्टवरचा टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, साधारण १९.८ न्यूटन-मीटर. शिअर स्ट्रेसची मर्यादा ४० मेगापास्कल धरली, तर नुसत्या पिळासाठी १३.६ मिमी व्यास पुरतो. त्यावर पट्ट्याच्या ओढीने येणारा वाक आहे, आणि बाजारात सहज मिळणाऱ्या २०४ क्रमांकाच्या पेडेस्टल बेअरिंगचे (ज्यात शाफ्ट टेकून फिरतो) भोक २० मिमीचे असते. म्हणून शाफ्ट २० मिमीचा निवडला, आणि त्या व्यासाला पिळाचा ताण १२.६ मेगापास्कलवरच राहतो, वाकाचा हिशेब त्यापुढे वेगळा जोडायचा. यात लपवण्यासारखे काहीच नव्हते. बुकात हेच आणि याच क्रमाने लिहा, असे मी सांगितले: आधी काय येते, मग काय निवडले, का निवडले, आणि निवडीनंतरची तपासणी. अभियंता बाजारात मिळेल तो माप निवडतो, ही गोष्ट एक्स्टर्नलला ठाऊक असते. ती ठाऊक नसल्याचे सोंग बुकाने आणू नये.

चाचण्यांच्या प्रकरणाचीही तीच गत. ‘यंत्राची कार्यक्षमता ९२ टक्के आढळली’ हे वाक्य मला दर वर्षी कुठे ना कुठे भेटते. कार्यक्षमता कशाची? फुटलेल्या शेंगांचे एकूण शेंगांशी प्रमाण की अखंड राहिलेल्या दाण्यांचे एकूण दाण्यांशी? शेंगा किती वाळलेल्या होत्या, चाळणी आणि ड्रम यांच्यामधली फट किती मिलिमीटर होती, चाचण्या किती केल्या? शेंगांच्या त्या गटाने दोन-दोन किलोच्या पाच चाचण्या घेतल्या होत्या आणि त्यांतली एक साफ बिघडली होती, कारण फट कमी ठेवल्याने दाणे भरडले गेले होते. मुलांनी ती चाचणी तक्त्यातून गाळली होती. मी ती परत घालायला लावली, आणि तोंडी परीक्षेत सर्वाधिक प्रश्न त्या एका ओळीवरच आले, ज्यांची उत्तरे चौघांनाही येत होती.

आता मांडणीकडे. प्रत्येक विद्यापीठाचा किंवा विभागाचा नमुना असतो आणि तो कामाच्या पहिल्या दिवशी मागून घ्यावा, शेवटच्या नव्हे. बहुतेक नमुन्यांत टाइम्स न्यू रोमन, मजकूर १२ पॉइंटचा, ओळींतील अंतर दीडपट आणि डावा समास दीड इंच असतो. डावा समास इतरांपेक्षा मोठा ठेवतात कारण बांधणीत सुमारे अर्धा इंच कागद गिळला जातो. तो ठेवला नाही तर प्रत्येक ओळीचा पहिला शब्द पाठीच्या खाचेत डोकावून वाचावा लागतो. कागद ए४, म्हणजे २१० बाय २९७ मिमी. वर्डमध्ये मात्र पुष्कळदा अमेरिकी लेटर आकार नेमलेला असतो, जो ए४ पेक्षा ६ मिमी रुंद आणि १८ मिमी आखूड आहे. या फरकाकडे कोणाचे लक्ष जात नाही, आणि झेरॉक्सच्या दुकानात ऐन वेळी आकार बदलला की पाने सरकतात आणि अनुक्रमणिका खोटी ठरते. दुकानात वर्डची फाइल नेऊच नये. पीडीएफ करून न्यावी, म्हणजे समीकरणे आणि अक्षरे दुसऱ्या संगणकावर वेडीवाकडी होत नाहीत.

अनुक्रमणिका हाताने टाइप करणे आणि ठिपके मोजून पान क्रमांक उजवीकडे ढकलणे हा आमच्या मुलांचा एक जुना, कष्टाळू आणि पूर्णपणे निरर्थक उद्योग आहे. प्रकरणाच्या शीर्षकाला हेडिंग १, उपशीर्षकाला हेडिंग २ अशा स्टाइल लावल्या की अनुक्रमणिका वर्ड स्वतः तयार करतो. आकृत्यांना इन्सर्ट कॅप्शनमधून क्रमांक दिले की त्यांचीही यादी आपोआप बनते, आणि मजकुरात ‘आकृती ४.३ पाहा’ असे क्रॉस-रेफरन्सने लिहिले की मध्येच एखादी आकृती वाढली तरी सगळे क्रमांक स्वतःहून जुळतात. पीडीएफ करण्याआधी कंट्रोल-ए आणि मग एफ-९ दाबायचे, म्हणजे हे सगळे क्रमांक ताजे होतात, एवढे लक्षात ठेवावे. प्रास्ताविक पानांना लहान रोमन अंक आणि प्रस्तावनेपासून १, २, ३ हवे असतात. त्यासाठी दोन भागांमध्ये साधा पेज ब्रेक न घालता सेक्शन ब्रेक घालावा आणि पानाच्या तळाशी असलेल्या फूटरमधला ‘लिंक टू प्रीव्हियस’ बंद करावा. या एका बटणापायी रात्रीचे दोन वाजेपर्यंत जागलेली मुले मी पाहिली आहेत. लाटेकमध्ये, म्हणजे आज्ञा लिहून पाने जुळवणाऱ्या संगणक प्रणालीत, हे सारे मुळातच सोपे असते, पण चौघांपैकी एकालाच ते येत असेल तर उरलेले तिघे प्रत्येक स्वल्पविरामासाठी त्याच्या खोलीवर जाऊन बसतात, आणि मग वर्डच बरा.

आकृतीचे शीर्षक खाली आणि तक्त्याचे वर, हा संकेत पाळावा. आलेखाच्या दोन्ही अक्षांवर राशी आणि एकक हवेच. यंत्राच्या छायाचित्रात यंत्र दिसावे. त्याभोवती खांद्यावर हात टाकून उभे राहिलेले चौघे आभाराच्या पानावरही चालणार नाहीत.

लिटरेचर सर्व्हेत अमक्याने अमुक केले, तमक्याने तमुक केले, अशी पंधरा परिच्छेदांची आगगाडी असते, आणि तिचा शेवटचा डबा समस्येच्या मांडणीला जोडलेलाच नसतो. सातच शोधनिबंध घ्या, पण प्रत्येकाने काय सोडले आणि त्यातले तुम्ही काय उचलले ते लिहा. आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या पद्धतीत संदर्भांचे क्रमांक मजकुरात ते ज्या क्रमाने येतात त्या क्रमाने असतात, वर्णानुक्रमे नव्हे. यादीत आहे पण मजकुरात कुठेच नाही असा संदर्भ मला लगेच दिसतो. भविष्यातील व्याप्ती या शीर्षकाखाली ‘यात आयओटी (यंत्र इंटरनेटला जोडण्याचे तंत्र) जोडता येईल’ हे वाक्य मात्र कृपा करून लिहू नये. ते शेंगा फोडण्याच्या यंत्रातही होते.

भाषेचा प्रश्न नाजूक आहे. २०२१-२२ पासून मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्याची मुभा एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या अखिल भारतीय परिषदेने, दिली असली, तरी माझ्यापुढे येणारी बुके सगळी इंग्रजीच असतात. जो मुलगा वर्कशॉपमध्ये ‘मॅडम, चाळणीला शेंगा अडकून बसायच्या म्हणून आम्ही उतार वाढवला’ असे स्वच्छ सांगतो, तोच बुकात इंटरनेटवरून उचललेली तीन भरजरी वाक्ये डकवतो, ज्यांत ना चाळणी असते ना उतार. अशा मुलांना मी सांगते की आधी मित्राला मराठीत समजावून सांग, ते मोबाइलवर रेकॉर्ड कर आणि तेच साध्या इंग्रजीत उतरव. वाक्ये आखूड होतात, काळ कधी कधी चुकतात, पण ते मी दुरुस्त करू शकते; न केलेल्या कामाचे वर्णन मला दुरुस्त करता येत नाही.

छपाई नेहमी दोन टप्प्यांत करावी. पहिली एक प्रत स्पायरल करून गाइडकडे द्यावी, लाल शाईच्या दुरुस्त्या झाल्यावरच हार्ड बाइंडिंगला टाकावे, कारण एकदा डिंक वाळला की मधले एक पान बदलता येत नाही. प्रमाणपत्रावरील नावांची स्पेलिंगे गुणपत्रिकेवरील नावांशी अक्षर न अक्षर ताडून पाहावीत. आणि पाठीवर प्रकल्पाचे नाव सोनेरी अक्षरांत उमटवायचे असेल तर ते दुकानदाराला तोंडी न सांगता कागदावर लिहून द्यावे; विभागाच्या कपाटात ग्राउंडनट ऐवजी ग्राउंडनेट यंत्राचे एक बुक अजून उभे आहे.