कवितेचं तिसरं प्रूफ

आमच्याकडे जुळणीला, म्हणजे छपाईसाठी पानं मांडायला, आलेला कवितासंग्रह तीनदा तरी बदलतो. कादंबरीचं तसं नाही. चुका दुरुस्त केल्या, पानं लावली की ती गेली. कवींचं मात्र तिसऱ्या प्रुफापर्यंत, म्हणजे तपासायला काढलेल्या तिसऱ्या प्रतीपर्यंत, चालूच असतं, आणि खरं सांगू का, ह्या धंद्यात मला तेवढंच बघायला आवडतं. मुलाखतीत ‘कविता कशी सुचते’ विचारलं की बरेच जण ‘ती आपोआप येते’ म्हणून मोकळे होतात. येत असेल बुवा. माझ्या टेबलावर येते तेव्हा निम्म्या ओळींवर लाल रेघ असते.

हल्ली मजकूर बहुतेक व्हॉट्सअ‍ॅपवरून येतो. फोनवर लिहिलेली कविता लगेच ओळखू येते. ओळी तीन-तीन शब्दांच्या, कारण पडद्यावर तेवढंच मावतं. पुस्तकाच्या डेमी आकाराच्या पानावर आली की तीच कविता डाव्या कडेला दोरीसारखी लोंबते. मग मी दोन प्रिंट काढून देते, एक त्यांनी तोडलेल्या ओळींची आणि एक ओळी जोडलेली. दुसरी बघून काही जण गप्प होतात. जोडल्यावर ते सरळ साधं वाक्य निघालेलं असतं, ‘काल संध्याकाळी मला तुझी आठवण आली’ छापाचं. काही चिडतातही. पण जे प्रिंट घरी घेऊन जातात, ते आठवड्याने वेगळीच कविता घेऊन येतात.

अर्ध्या र ची कटकट वेगळीच. फोनवरून ‘वार्‍यावर’चं ‘वार्यावर’ होऊन येतं आणि श्रीलिपी ह्या जुन्या सॉफ्टवेअरमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना उरलेले ‘ऱ्या’ही गळतात. निसर्गकवितेत तर ‘दऱ्या’, ‘झऱ्याचा’, ‘वाऱ्याचा’ सगळंच धोक्यात!

मागे मराठवाड्यातले एक शिक्षक आले होते. पहिलाच संग्रह. आमच्या मुद्रितशोधकाने प्रमाण भाषेप्रमाणे त्यांचे सगळे ‘व्हतं’, ‘व्हता’ सुधारून ‘होतं’, ‘होता’ करून ठेवले होते. सर प्रूफ बघून म्हणाले, “ताई, बाप बोलतो तिथं व्हतंच राहू द्या. मी बोलतो तिथं होतं.” वाटणी स्वच्छ होती, मुद्रितशोधकालाही पटली. अडलं एकाच ठिकाणी:

बाप बांधावर बसला व्हता
मी बघत होतो

ही ओळ बापाची की मुलाची? सांगणारा मुलगा, पण बापाचं नाव काढताच त्याच्या तोंडी बापाची बोली आलेली. सरांनी दोन्हीकडून मोठ्याने वाचून बघितलं. ‘बसला होता’ म्हटलं की बाप परका वाटायचा. दोन्हीकडे ‘व्हता-व्हतो’ केलं की शिकून गेलेला मुलगा नाटकी वाटायचा. प्रिंटरवरचा पोरगा काम थांबवून ऐकत उभा. शेवटी सरांनी पेन घेतलं आणि दोन्ही क्रियापदं खोडली:

बाप बांधावर
मी बघत

छान झालं, सगळे म्हणाले. मला विचाराल तर मला तो ‘व्हता’ हवा होता. पण माझं काम जुळणीचं.

संग्रहात काय राहणार हे बऱ्याचदा फर्मा ठरवतो, हे वाचकांना कुठे माहीत असतं! फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर छापून दुमडलेली सोळा पानं. प्रकाशकाने सहा फर्मे सांगितले की शहाण्णव पानं, त्यात श्रेयपान, अर्पणपत्रिका, अनुक्रमणिका, प्रस्तावना. उरलेल्यात बसतील तेवढ्या कविता. कुठली काढायची, ह्या प्रश्नावर पूर्वी मित्राचा सल्ला घ्यायचे, आता इन्स्टाग्राम उघडतात. “हिला खूप लाईक आहेत, ही ठेवा.” रीलमध्ये आवाज असतो, मागे बासरी असते, कवी योग्य जागी थांबतो. कागदावर ते थांबणं कोण करणार? एका पोरीने मात्र तिथे डोकं लावलं. स्वतःचीच रील ऐकत बसली आणि जिथे श्वास घेतला होता तिथे तिथे रिकामी ओळ सोडत गेली. कविता दुप्पट लांब झाली आणि प्रकाशकाच्या कपाळाला आठ्या. मग तिने श्वास ठेवले आणि शब्द कमी केले.

कवी अरुण कोलटकरांचा ‘भिजकी वही’ हा संग्रह माझ्या खणात कायम असतो. ते स्वतः जाहिरातीच्या जगातले नावाजलेले कलादिग्दर्शक, प्रकाशक अशोक शहाणे, प्रास प्रकाशन. दोघांनाही पान म्हणजे काय ते कळत होतं. ‘अरुण कोलटकरच्या कविता’ 1977ची. त्यानंतर मराठीतलं पुढचं पुस्तक यायला 2003 उजाडलं. हे आकडे मी घाईतल्या कवींना मुद्दाम ऐकवते. रात्री लिहिलं, सकाळी टाकलं, दुपारपर्यंत ‘वाह’ आले, की त्या कवितेला पुन्हा हात लावायची हिंमत होत नाही, असं एक कवी मला म्हणाला होता. प्रामाणिक माणूस. लोकांना आवडलेली ओळ खोडायची कशी?

ऑगस्टपासून दिवाळी अंकांची कामं सुरू होतात. तिथे कविता म्हणजे पानपूरक. कथा संपून अर्धं पान उरलं की कविता, जाहिरात आली की कविता आखूड. अशाच एका अंकात शेवटच्या दिवशी जाहिरात आली आणि संपादकांनी विचारलं, दोन ओळी कमी होतील का? मी भीत भीत कवयित्रीला फोन लावला. वाटलं, आता ऐकावं लागणार. ती म्हणाली, “कुठल्याही दोन नको, थांब, मी बघते.” थोड्या वेळाने तिचाच फोन. “चार काढल्यात. उरलेल्या जागेत माझं नाव जरा मोठं कर.”