घरपट्टीचे पैसे आणि वरून आलेले पैसे

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावात मी पाच वर्षं पंच, म्हणजे पंचायतीची सदस्य, होते. त्यातल्या दोन ग्रामसभा अजून डोक्यातून जात नाहीत.

पहिल्या सभेत घरपट्टी थोडी वाढवायचा ठराव होता. सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. "आधीच्या पैशांचं काय केलं ते सांगा!" म्हणत लोकांनी सचिवांना वहीतली ओळ न् ओळ वाचायला लावली. दोन तासांनी ठराव बारगळला.

दुसरी सभा मार्चमधली. केंद्राच्या करांतलं राज्यांना आणि पंचायतींना किती द्यायचं हे सुचवणाऱ्या वित्त आयोगाच्या अनुदानातून सार्वजनिक विहिरीची दुरुस्ती आणि भोवती फरशी. रक्कम त्या घरपट्टीवाढीच्या कितीतरी पट. दहा मिनिटांत मंजूर! घरोघरी नळ आल्यापासून त्या विहिरीवर कोणी कळशी घेऊन जात नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही. तरी मी हात वर केला, याची खंत आहे.

कुळागरांचा, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागांचा, पाट मात्र फुटलेलाच राहिला. पंधराव्या वित्त आयोगाने पंचायतींच्या अनुदानातले ६० टक्के पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधून दिले होते. पाटाचं पाणी शिंपणाचं, ते त्यात बसेना. उरलेले ४० टक्के आधीच रस्त्याच्या कामाला लागले होते. असं बांधून देणं वाईटच, असं मी म्हणणार नाही. आमची सुक्या कचऱ्याची शेड त्यामुळेच उभी राहिली, नाहीतर कोणी विचारलंही नसतं. पण ३१ मार्चच्या आत खर्च दाखवायचा म्हटल्यावर गरज काय, हे बाजूला पडतं आणि कशात बसतं, तेवढंच बघितलं जातं.

राज्याचंही फार वेगळं नाही. त्याच आयोगाने केंद्राच्या वाटपयोग्य करांतले ४१ टक्के राज्यांना दिले आणि त्यातला ०.३८६ टक्का गोव्याच्या वाट्याला आला. दरडोई उत्पन्नात आपण वरच्या रांगेत, आणि त्या वाटपात ४५ टक्के वजन कमी उत्पन्नाला होतं. गरीब राज्यांना जास्त मिळावं, हे मला मनापासून पटतं. खटकतं ते दुसरंच: स्वतःचा कर वसूल करायच्या धडपडीला त्यात वजन अवघं २.५ टक्के होतं. मग मतदारांना दुखवून कर कोण वाढवील?

वरून आलेले म्हणतो ते पैसेही आपलेच आहेत. आपण भरलेला आयकर, साबणापासून स्कूटरपर्यंत प्रत्येक वस्तूवरचा केंद्राचा जीएसटी दिल्लीला जातो आणि तिथून फिरून गावात येतो. पण येताना त्याच्यावर आपलं नाव नसतं, म्हणून आपण हिशेब मागत नाही.

मागच्या ग्रामसभेत मी अनुदानाची वही मागितली. सचिवांनी कपाट उघडायला वेळ लावला, पण वही काढून दिली. घरपट्टीच्या सभेत सगळ्यात जास्त भांडलेले वाड्यावरचे आजोबा मागच्या बाकावरून उठले. "बाय, जरा सरक," म्हणाले, आणि चष्मा लावून माझ्या शेजारी वाचायला बसले.