मूळ मजकूरच चुकलेला असतो तेव्हा

यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यातल्या गावात राहून मी इंग्रजीतून मराठीत अनुवाद करतो. कामं बहुतेक शेतीची: कीटकनाशकांची माहितीपत्रकं, पऱ्हाटी (कपाशी) आणि तुरीवरच्या प्रशिक्षण पुस्तिका. यातलं बरंचसं इंग्रजी घाईत, चार ठिकाणांहून उचलून जोडलेलं असतं. त्याचं गुळगुळीत मराठी करणं मला फार घातक वाटतं. इंग्रजी अडखळतं तिथे वाचणारा निदान थांबून विचारतो. मराठी सफाईदार झालं की चूक दिसेनाशी होते आणि थेट फवारणीच्या पंपात जाते. 2017 च्या हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी, शेतमजूर दगावले. इथं मात्रेचा आकडा अंदाजानं लिहायचाच नाही.

दर सांगण्याआधी मी अख्खी फाइल वाचतो, कारण नमुन्याची पानं सहसा सगळ्यात नीट असतात. स्कॅन केलेली पीडीएफ असेल तर ओसीआरमध्ये, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, दशांशचिन्ह गळतं, 0.5 चे 05 होतात. म्हणून प्रत्येक आकडा मूळ पानाशी ताडतो. तुटलेल्या ओळी वर्डमध्येच जोडून घेतो. तशाच कॅट टूलमध्ये (अनुवादाला मदत करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) टाकल्या तर अर्ध्या वाक्याचा एक सेगमेंट, म्हणजे अनुवादाचा तुकडा, होतो आणि जुने अनुवाद साठवणाऱ्या मेमरीत कचरा साठतो.

खरा घोळ एककांचा. समजा, तक्त्यात 200 ग्रॅम प्रति हेक्टर आहे आणि खालच्या परिच्छेदात 200 ग्रॅम प्रति एकर. मी दोन्हींचा हिशेब पंपापर्यंत नेतो. हेक्टरी 500 लिटर पाणी धरलं तर 15 लिटरच्या पंपाला 6 ग्रॅम. एकरी 200 लिटर धरलं तर 15 ग्रॅम. म्हणजे अडीचपट. मग केंद्रीय कीटकनाशक मंडळ आणि नोंदणी समितीच्या मंजूर वापराच्या यादीत त्या औषधाची त्या पिकावरची मात्रा बघतो. ती सापडली तरी परस्पर दुरुस्ती करत नाही, ग्राहकाला विचारतो. मजकुराची जबाबदारी त्यांची आहे आणि मूळ इंग्रजी प्रतही त्यांनी सुधारायला हवी.

गाळलेले शब्दही तितकेच फसवतात. गुलाबी बोंडअळीसाठी ‘8 पतंग, 3 दिवस’ एवढंच लिहिलेलं असतं. फवारणी कधी करायची याची खरी पातळी प्रति कामगंध सापळा (गंधानं नर पतंग ओढणारा सापळा), प्रति रात्र 8 पतंग, सलग 3 रात्री अशी आहे. नुसतं ‘8 पतंग’ वाचून शेतकरी नको तेव्हा फवारेल.

शंका फोनवर विचारत नाही, तक्त्यात लिहितो: पान, मूळ वाक्य, निघू शकणारे दोन अर्थ, मी धरलेला अर्थ, ग्राहकाचं उत्तर. ‘हे वाक्य कळत नाही’ असं लिहिलं तर उत्तर येत नाही. ‘अ की ब?’ विचारलं की येतं. शंका सुट्या न पाठवता पहिल्या वाचनानंतर एकत्र पाठवतो. भाषेच्या शंकेवर उत्तर आलंच नाही तर धरलेला अर्थ ठेवून तशी टीप देतो. मात्रा, प्रतीक्षा कालावधी (शेवटची फवारणी ते काढणी यांतलं अंतर), विषबाधेवरचा उपचार यांपैकी काही असेल तर ती जागा पिवळी करून रिकामी ठेवतो, मुदत गेली तरी.

नुसतं व्याकरण बिघडलेलं असेल, एकच गोष्ट तीनदा सांगितली असेल, तर फार डोकं लावत नाही. अर्थ एकच निघत असेल तर सरळ मराठी लिहून मोकळा होतो.

हिशेब ताडण्याचा, ओळी सांधण्याचा वेळ शब्दाच्या दरात बसत नाही. तो तासावर वेगळा लावतो आणि काम घेतानाच लेखी कळवतो.