तुम्ही विचारलंत म्हणून: ज्यूंची शाळा, मग ज्यू मुलं कुठायत?

माझगावची सर एली कदूरी शाळा बघून आलं की लोक मला हमखास विचारतात, "अहो, ही तुमच्या लोकांची शाळा ना, मग वर्गात तुमची मुलं का नाहीत?" इतक्यांदा विचारून झालंय की एकदा लिहूनच टाकते.

आम्ही बेने इस्रायली, म्हणजे इथले ज्यू, मूळचे कोकणातले, घरात मराठीच. गावी तेलाचे घाणे, शनिवार आम्हा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी ते बंद, म्हणून लोक शनवार तेली म्हणायचे. मुंबईत येऊन कोणी पलटणीत गेलं, कोणी कारकून झालं, कोणी सुतारकाम धरलं, आणि पोरं शिकली ती मिशनऱ्यांच्या शाळांत. हिब्रूसुद्धा तिथेच, जॉन विल्सन साहेबांनी तर १८३२ मध्ये हिब्रूचं व्याकरण मराठीतून छापलं. ते उपकार मी विसरणार नाही. पण आपल्या प्रार्थनेची भाषा दुसऱ्या धर्माचा प्रचार करणाऱ्यांकडून किती दिवस शिकायची? हाईम सॅम्युएल केहीमकरांनी समाजातली मंडळी हाताशी धरून १८७५ मध्ये स्वतःची शाळा काढली, इंग्रजीही शिकवायची आणि हिब्रूही. समाजाकडे पैसा कुठला, लंडनच्या अँग्लो-ज्युईश असोसिएशनची मदत यायची, आणि पुढे हाँगकाँग-शांघायचे बगदादी ज्यू व्यापारी सर एली कदूरी यांनी मोठी देणगी दिली, तेव्हापासून त्यांचं नाव.

पण माझ्यासाठी ही शाळा म्हणजे रिबेका रूबेन. १९०५ साली, मुलींनी शिकणंच नवलाचं होतं तेव्हा, त्या मॅट्रिकला पहिल्या आल्या, म्हणजे सगळ्या मुलांच्याही पुढे! १९२२ ते १९५० त्या शाळेच्या प्रिन्सिपल होत्या. माझी आजी त्याच काळातली, नव्वदीतसुद्धा बाईंचं नाव निघालं की ताठ बसायची.

मग १९४८ला इस्रायल झालं आणि घरंच्या घरं निघाली. बाकं रिकामी व्हायला लागली. शाळा मात्र बंद नाही झाली, आजूबाजूच्या मोहल्ल्यातली, चाळीतली पोरं येत गेली, आज बहुतेक मुस्लिम आहेत. मला ते अगदी योग्य वाटतं, कारण शेजारच्या गरीब पोरांना शाळा हवी होती आणि आमच्याकडे ती होती.

माझी आत्या तिकडे इस्रायलमध्ये दिमोनाला असते, फोनवर अजून मराठीतच बोलते. दरवेळी विचारते, "शाळेत पोरं भरपूर आहेत ना गं?" मी हो म्हणते. कोणाची, ते तिने आजवर विचारलेलं नाही.